चोवीस व्होल्टने काय होतंय?

"काही व्हत नही भाऊ, चोवीस व्होल्ट शे!"

जळगावची अजिंठा चौफुली असो की धुळ्याचा पारोळा रोड, बसचं वायरिंग जिथे होतं तिथे हे वाक्य ठरलेलं. आणि ते अर्धं खरंही आहे. चोवीस व्होल्टच्या वायरीला हात लागला तर माणसाला झटका बसत नाही. पण आग लागते. झटका वेगळा, आग वेगळी. हा फरक आपण विसरलो आहोत, म्हणून ज्या गाड्यांत रात्री बायकापोरं झोपवतो त्या गाड्यांच्या छतामागे काय चाललंय, हे कुणी बघत नाही. पोस्ट लांब आहे, पण पुढचं तिकीट काढायच्या आधी वाचा.

परदेशात लोक मोटरहोम घेऊन फिरतात. चालतं घर. त्यातल्या जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवणं हा तिथे सुट्टीच्या दिवशीचा उद्योग. आपल्याही राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण खान्देशातलं खरं चालतं घर कुठलं, तर स्लीपर कोच. पुण्याला शिकणारी पोरं, मुंबईला मोठ्या दवाखान्यात निघालेले पेशंट, सुरतला उधना-लिंबायतमध्ये राहणारी आपली माणसं, सगळे रात्री पडदा ओढून त्यात झोपतात. एमएच १८ आणि एमएच १९ च्या किती गाड्या रोज रात्री धुळ्याच्या हायवेच्या चौकातून जातात ते बघा. तिथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते एकमेकांना मिळतात. अख्खा खान्देश तिथून झोपेत जातो.

या गाड्यांत गेल्या काही वर्षांत एक बदल झाला. ट्यूब गेल्या, एलईडी आले.

बदल चांगलाच आहे, हे आधी सांगतो. मी आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालो, वायरिंगवरच पोट भरलं, त्यामुळे एलईडीचा विरोध माझ्या तोंडून निघणार नाही. बसमधली जुनी ट्यूब थेट बॅटरीवर चालत नसे. तिला इन्व्हर्टरचा चोक लागायचा, तो चोवीस व्होल्टचा उच्च दाबाचा एसी करायचा, तेव्हा ट्यूब पेटायची. थंडीत फडफडायची, चोक तापायचा, काळी पडली तरी करंट तेवढाच खायची. एलईडीला हे काही नको. वीस वॅटच्या ट्यूबचं काम नऊ वॅटमध्ये होतं. स्वस्ताईचं म्हणाल तर केंद्राची उजाला योजना आठवा. सरकारी खरेदीत २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. घर, दुकान, रस्ता, रेल्वेचा डबा, सगळीकडे एलईडी आला. बसमध्येही यायलाच हवा होता.

मग बिघडलं कुठे? वाचलेल्या करंटचं आपण काय केलं, तिथे बिघडलं.

जरा हिशोब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण कुठल्याही वायरमनला विचारा, पटतील. एका बसमध्ये वीस वॅटच्या दहा ट्यूब होत्या. चोकचा तोटा धरून चोवीस व्होल्टवर साधारण १० अँपिअर. वायर आणि फ्यूज त्या हिशोबाचे. ट्यूब काढून नऊ वॅटचे दहा एलईडी बसवले की करंट ४ अँपिअरच्या आत आला. इथे थांबलो असतो तर गाडी आधीपेक्षा सुरक्षित झाली असती. वायर तीच, भार निम्म्याहून कमी.

पण मालक म्हणतो, "एवढी लाइट वाचली ना, मग पट्टी टाक." छताच्या कडेने वीस मीटर एलईडी पट्टी. बाजारात सर्रास मिळणारी पट्टी मीटरला चौदा-साडेचौदा वॅट खाते, म्हणजे १२ अँपिअर. मग प्रत्येक बर्थला मोबाइल चार्जर. तीस बर्थ, प्रत्येकी पंधरा वॅट, झाले जवळपास १९ अँपिअर. बेरीज करा, ३४-३५ अँपिअर. आणि हे सगळं जोडलं कुठे? बऱ्याचदा त्याच जुन्या ट्यूबच्या वायरीवर. कारण नवी लाइन ओढायची तर छताचं पॅनल उतरवावं लागतं, गाडी दोन दिवस उभी राहते, धंदा बुडतो.

करंट साडेतीन पट झाला की वायर साडेतीन पट तापत नाही. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. साडेतीनचा वर्ग बारा. म्हणजे जी वायर आधी हाताला कोमट लागत होती तिच्यात बारा पट उष्णता तयार होते. जिथे वायर सोलून पीळ दिलाय आणि वर काळी टेप गुंडाळली आहे, तिथे तर त्याहून जास्त, कारण सैल जोडाचा रोध जास्त असतो. आता आपला उन्हाळा धरा. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो. दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या बसच्या पत्र्याखाली त्याहून किती तरी जास्त. साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण ७० अंशांपर्यंतच्या कामाचं असतं. आणि ही वायर जाते कशातून? प्लायवूड, फोम, रेक्झिन, पडदे. चुलीत घालायचं सरपण आपण छतात नीट रचून ठेवलंय.

अशा वेळी राखणदार एकच, फ्यूज. फ्यूज दिवा वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. भार वाढला की तो उडतो आणि सांगतो, बाबा थांब. पण आपल्याकडे उडालेला फ्यूज म्हणजे कटकट. पंधराचा उडतोय? तीसचा टाक. तीसचाही उडतोय? तारेचा तुकडा घाल. राखणदाराला झोपेची गोळी देऊन चोराची वाट बघायची, यालाच आपण जुगाड म्हणतो.

आणि बॅटरी किती दमदार असते ते लक्षात घ्या. बसमध्ये बारा व्होल्टच्या दोन मोठ्या बॅटऱ्या असतात. हजारो सीसीचं इंजिन फिरवायची ताकद त्यांच्यात असते. वायर बॉडीला घासून आवरण फाटलं, फ्यूज नसला, तर त्या शेकडो अँपिअर एका जागी ओततात. वेल्डिंग होतं अक्षरशः. इंजिन बंद असलं तरी.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझ्यावर अतिशयोक्तीचा आरोप होईल. आपल्या राज्यात ज्या बसच्या आगी गाजल्या त्या दिव्यांमुळे लागलेल्या नाहीत. ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकला खासगी बस पेटली, १२ माणसं गेली, ती धडकेनंतर. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ २५ माणसं जळाली, ती गाडी उलटल्यावर. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला जैसलमेरहून जोधपूरला निघालेली एसी स्लीपर पेटली, वीसहून जास्त माणसं गेली, तिथे पहिल्यापासून संशय घेतला गेला तो एसीच्या वायरिंगमधल्या शॉर्टसर्किटचा. ठिणगी कुठूनही पडो, तिन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. आत जे होतं ते भराभर पेटलं आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळाला नाही. अशा गाडीत ठिणगीची आणखी एक जागा हौसेखातर तयार करायची, याला शहाणपण म्हणायचं का?

कायदा नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ सांगतं, बेकायदा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२, स्लीपरसाठी एआयएस-११९, आगीची सूचना देणाऱ्या यंत्रणेसाठी एआयएस-१३५, अशी मानकं आहेत. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. पण फिटनेसला ब्रेक बघतात, हेडलाइट बघतात, छताचं पॅनल कोण उघडतं? वायरिंग पॅनलमागे असतं आणि पॅनल बाहेरून चकाचक दिसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की जे दिसत नाही ते कागदावर आणा.

प्रत्येक प्रवासी बसच्या दाराजवळ वायरिंगचा तक्ता लावायची सक्ती करा. लाइन किती, प्रत्येक लाइनवर भार किती, वायरीची जाडी किती, फ्यूज किती अँपिअरचा, शेवटचा बदल कधी झाला आणि कुणी केला. एक ए-फोर कागद, लॅमिनेट केलेला. फिटनेसच्या वेळी इन्स्पेक्टरने फक्त फ्यूजबॉक्स उघडायचा आणि तक्त्याशी ताडून बघायचं. पाच मिनिटांचं काम. तक्त्यावर पंधरा आणि आत तीस, किंवा आत तार, तर गाडी परत. क्लॅम्प मीटर लावून सगळे दिवे-चार्जर चालू करून करंट मोजला तर आणखी उत्तम. हे मीटर काही लाखांचं यंत्र नाही.

दुसरं, काम करणाऱ्या पोरांवर खापर फोडू नका. अजिंठा चौफुलीवरचा किंवा धुळ्यातला ऑटो इलेक्ट्रिशियन हातात कला असलेला माणूस आहे. उस्तादाच्या हाताखाली शिकला, त्याला हिशोब कुणी शिकवलाच नाही. जळगावला आयटीआय आहे, धुळ्याला आयटीआय आहे. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथे स्वतःच्या कार्यशाळा आहेत, बसच्या बॉडीचं काम जाणणारी माणसं तिथे आहेत. शनिवार-रविवारचा आठवडाभराचा कोर्स काढा, क्रमांक असलेलं ओळखपत्र द्या, आणि तक्त्यावर तो क्रमांक येऊ द्या. चांगल्या कारागिराला मान मिळेल, भावही मिळेल. स्वस्तात पीळ मारून देणारा आपोआप मागे पडेल.

तिसरं, काढलेल्या ट्यूबचं काय? त्यात पारा असतो. मिनामाता करारानुसार २०२७ पर्यंत ट्यूबलाइटचं उत्पादनच जगभर थांबवायचं ठरलंय, म्हणजे पुढच्या काळात उरल्यासुरल्या ट्यूबही निघणार. ई-कचऱ्याच्या नियमांत पारा असलेले दिवे येतात. आज त्या गॅरेजमागे फुटतात आणि त्या काचेवर काम करणारी पोरं अनवाणी फिरतात. महापालिकेने गॅरेजच्या भागात एक गोळा करायची पेटी ठेवली तरी सुरुवात होईल.

मालक म्हणतील, स्पर्धा आहे साहेब, अ‍ॅपवर फोटो बघून लोक तिकीट काढतात, निळी-जांभळी लाइट नसली तर गाडी जुनी वाटते. खोटं नाही ते. ती लाइट आपणच मागितली. चार्जर चालला नाही तर आपणच एक स्टार देतो, फ्यूजबॉक्सला मात्र कुणी स्टार दिलेला नाही. पण चार्जर नकोच असं मी म्हणत नाही. चार्जरची वेगळी लाइन, पट्टीची वेगळी लाइन, प्रत्येकीला तिच्या मापाचा फ्यूज, पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, पीळ-टेपऐवजी दाबून बसवलेले लग, आणि चढउतार सोसणारा ड्रायव्हर असलेले दिवे. इंजिन चालू झालं की चोवीसचे अठ्ठावीस व्होल्ट होतात, ते स्वस्त पट्टीला सोसत नाहीत. हे सगळं केलं तर खर्च एका तिकिटामागे किती पडेल? चहाच्या कपाएवढाही नाही.

जळगाव आणि धुळ्याच्या आरटीओ कार्यालयांना माझी विनंती आहे. राज्यभराचा आदेश यायची वाट न बघता पुढच्या फिटनेसपासून फ्यूजबॉक्स उघडून बघायला सुरुवात करा. आपल्या आमदार-खासदारांनी तक्त्याची मागणी सभागृहात मांडावी. ट्रॅव्हल्सवाल्यांच्या संघटनेनेच ती आधी उचलली तर त्यांचं नाव होईल.

आणि तुम्ही-आम्ही काय करायचं? बसमध्ये चढलात की आपत्कालीन खिडकी कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, एवढं बघा. दिवा फडफडत असेल, छताजवळ जळका वास येत असेल, चार्जरचं सॉकेट तापत असेल, तर लाजू नका, कंडक्टरला उठवा आणि ती लाइन बंद करायला लावा. "काही होत नाही" असं उत्तर आलं तर फ्यूज किती अँपिअरचा आहे ते विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर तुमच्या डोक्यावरच्या वायरीचा हिशोब त्या गाडीत कुणाकडेच नाही, एवढं समजून घ्या.

पटलं असेल तर पुढे पाठवा. ट्रॅव्हल्सचा मालक ओळखीचा असेल तर त्याला आधी पाठवा.