डेस्कटॉप अजून चालतो

आमचा डेस्कटॉप बिघडलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लॅपटॉप घेतला म्हटलं की लाईन आळीपासून नवीन पनवेलपर्यंत भेटेल तो विचारतो, "जुना बंद पडला का?" नाही पडला. सकाळी बटण दाबलं की पंखा घरघरतो, स्क्रीन उजळतो. इतके दिवस मी त्यावरच लिहीत आले. पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची नेहमीची अपडेट्स थांबली. घरगुती वापराला आणखी एक वर्षाची सवलत मिळाली, पण सवलत म्हणजे मुदतवाढ, सुटका नव्हे. विंडोज ११ आमच्या यंत्रावर चढत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा चौथ्या पिढीतला. अपडेट्स थांबली त्याच्या आदल्याच आठवड्यात, ८ ऑक्टोबरला, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं होतं. सगळं पनवेल विमानांबद्दल बोलत होतं आणि मी बायोसमध्ये टीपीएम शोधत होते.

हार्डवेअरवाल्या मुलाला बोलावलं. त्याने कॅबिनेटचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "काकू, प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदलायला लागेल. मदरबोर्ड बदलला की ही रॅम चालणार नाही. एसएमपीएस पण जुना झालाय."

"मग जुनं राहतं काय?"

"कॅबिनेट," तो म्हणाला. "आणि माउस."

खरं तर हा प्रश्न पूर्वी पडायचा नाही. आमचा पहिला संगणक लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. अख्खा नाही, सुटा. मदरबोर्ड एका दुकानातून, हार्ड डिस्क दुसऱ्या, मॉनिटर तिसऱ्या. तेव्हाचा मॉनिटर म्हणजे काचेचा अवजड डबा. तो हार्बर लोकलच्या गर्दीत शिरणं शक्यच नव्हतं, म्हणून टॅक्सी केली. पुढे जे खराब झालं किंवा कमी पडलं तेवढंच बदललं. रॅम वाढवली, काचेच्या डब्याच्या जागी चपटा मॉनिटर आला, विंडोज एक्सपी जाऊन सात आलं, मग दहा. कधीतरी मदरबोर्डसुद्धा बदलला. तरी घरात सगळे त्याला "आपला कॉम्प्युटर" म्हणत राहिले.

"आपला" हे अगदी खरं होतं. तो हॉलमध्ये होता, सरकत्या ट्रेच्या टेबलावर, मी शिवलेल्या कापडी कव्हराखाली. दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजारची मुलं बैठक क्रमांक घेऊन यायची. कुणाला गणपतीसाठी कोकण रेल्वेचं तिकीट काढायचं असे, कुणाला सातबारा बघायचा असे. त्याला पासवर्ड नव्हता, कारण लपवायला काही नव्हतं आणि लपवायचं म्हटलं तरी हॉलमध्ये लपवणार कुठे? लॅपटॉपला पहिल्याच दिवशी पासवर्ड लागला. तो माझा आहे, घराचा नाही. आता शेजारच्या मुलांकडेही आपापले फोन आहेत, त्यामुळे ही तक्रार कुणाच्या वतीने करायची तेही कळत नाही.

मग नवा डेस्कटॉपच का नाही घेतला? त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो, हे मान्य. पण पनवेलच्या पावसात वीज गेली की यूपीएस ओरडायला लागतो आणि त्याची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी मान टाकते. लॅपटॉपच्या पोटातच बॅटरी असते, त्यामुळे लेख अर्ध्यावर अंधारात जात नाही. दुसरं कारण म्हणजे पुण्याला लेकीकडे जाऊन राहायचं तर सदर थांबवता येत नाही. एवढी दोन कारणं मला पुरली. दुकानातल्या पोराने "गेमिंग की ऑफिस?" असं विचारलं, तेव्हा "वृत्तपत्रातलं सदर" असं उत्तर द्यावंसं वाटलं होतं.

लॅपटॉपच्या रचनेतच एक खोट आहे आणि ती कुठल्या एका कंपनीची नाही. पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले आहेत. हात योग्य उंचीवर ठेवले तर मान खाली जाते, मान सरळ ठेवली तर हात वर जातात. गाडीत तास-दीड तास हे चालतं. पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप उघडून बसलेली मंडळी रोज दिसतात, पनवेलहून गाडी सुटते म्हणून बसायला मिळतं हे त्यातलं मोठं सुख. रोज चार-चार तास लिहिणाऱ्याला मात्र ते झेपणारं नाही. म्हणून मी स्टँड घेतला, जुना कळफलक आणि माउस यूएसबीला लावले, शिवाय जुना मॉनिटर जोडला. आता टेबलावर पूर्वीइतक्याच वायरी आहेत. जाणकार सांगतात की असा सतत प्लगला लावून ठेवायचा असेल तर चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय बघा, लिथियमची बॅटरी जास्त टिकते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती असते. रॅम मात्र घेतानाच पुरेशी घ्या. कित्येक लॅपटॉपमध्ये ती बोर्डलाच डाखलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. लॅमिंग्टन रोडची सवय असलेल्यांना हे पचायला जड जातं.

इथवर सगळं कुणाच्याही घरी घडतं तसंच. खरी अडचण पुढे आली, आणि ती मराठीत लिहिणाऱ्यांचीच आहे. पेन ड्राइव्हवरून जुने लेख लॅपटॉपवर घेतले आणि उघडले, तर पडद्यावर रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि डॉलरच्या चिन्हांचा कचरा.

कारण साधं आहे. युनिकोड घराघरांत पोचण्याआधी आपण ज्या फॉन्टमध्ये लिहीत होतो, त्यात संगणकाला मराठी येतच नव्हती. रोमन अक्षरांच्या खोल्यांत मराठी अक्षरं भाड्याने राहत होती. संगणक समजायचा की आपण इंग्रजी टाइप करतो आहोत, फक्त फॉन्ट त्या जागी "क" किंवा अर्धा "त" काढून दाखवायचा. शिवाय प्रत्येक कंपनीने खोल्यांचं वाटप आपापलं केलेलं. श्रीलिपीत लिहिलेलं सीडॅकच्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे, आकृतीमधलं तिसरीकडे नाही. इस्की नावाचं राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये ठरलं होतं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावरून घेतलेली. म्हणजे कागदावर सगळं वेळेत झालं होतं. पण डीटीपीची दुकानं, छापखाने आणि वर्तमानपत्रं आपापल्या फॉन्टवर पुढची कितीतरी वर्षं चालली, कारण छपाई छान यायची. छापलेल्या पानाला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

त्यात कुलूप वेगळंच. मराठी सॉफ्टवेअरबरोबर तेव्हा हार्डवेअर लॉक मिळायचं, काडेपेटीएवढं. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावलं तरच सॉफ्टवेअर उघडायचं. माझ्याकडे ते अजून आहे आणि डेस्कटॉपच्या मागे अजून लागतं. लॅपटॉपला ते लावायला जागाच नाही. म्हणजे ज्या यंत्राला निरोप द्यायचा, तेच एकटं माझे जुने लेख वाचू शकत होतं.

म्हणून फाइली युनिकोडमध्ये बदलायला घेतल्या. बदलणारी सॉफ्टवेअरं मिळतात, काही फुकटही आहेत, आणि ती वाईट नाहीत. पण मराठी त्यांची परीक्षा बघते. टाइपरायटरवर आम्ही "कि" लिहिताना आधी वेलांटी मारायचो, मग "क". जुन्या फॉन्टमध्येही तोच क्रम, डोळ्यांना दिसतो तसा. युनिकोडमध्ये आधी "क" साठवला जातो, मग वेलांटी, उच्चाराप्रमाणे. "कि" पर्यंत ठीक, पण "स्थिती"मध्ये वेलांटीला "स्" आणि "थ" अशा दोघांवरून उडी मारावी लागते. ती मध्येच कुठेतरी अडकली की शब्द फुटतो. रफाराचं उलट आहे. दिसतो अक्षराच्या डोक्यावर आणि शेवटी मारला जातो, साठवायचा मात्र अक्षराच्या आधी. "कार्यालय", "मार्ग", "पर्व" यांतला रफार कधी शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो.

आणि सगळ्यात मोठी गंमत आपल्या "ऱ्य"ची. हिंदीला त्याची गरज नसते, म्हणून पुष्कळ सॉफ्टवेअरांना त्याची दखलच नसते. "आचाऱ्यांना" आणि "आचार्यांना" यांतला फरक आपण शाळेत हसत शिकलो, यंत्राने तो पुसून टाकला. माझा एक जुना लेख जानेवारी १९८४ मधल्या इथल्या जमिनीच्या लढ्यावर आहे. जासई परिसरातला गोळीबार, पाच हुतात्मे, लढ्याचे नेते दि. बा. पाटील, पुढे आलेली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना, असा सगळा त्यात उल्लेख. त्या लेखात "शेतकऱ्यांचा", "शेतकऱ्यांना", "शेतकऱ्यांनी" हे शब्द ओळीओळीला. बदलून आल्यावर एकही शेतकरी धड उरला नव्हता, सगळे रफार डोक्यावर घेऊन उभे. हे शोधा-आणि-बदला करून दुरुस्त होतं, पण सरसकट करता येत नाही, कारण मग "कार्यालयां"चीही "काऱ्यालयं" होतात. एकेक शब्द बघावा लागतो.

"ॲ"चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी आपण "अ"वर चंद्र काढून काम भागवायचो. दोन्ही दिसायला सारखी, संगणकाच्या लेखी वेगळी. म्हणून "ॲडव्होकेट" असं शोधलं तर जुन्या लेखांतले वकील सापडतच नाहीत. लेखात मध्येच रोमनमध्ये एखादं संक्षिप्त नाव किंवा ईमेलचा पत्ता असेल, तर यंत्र तोही मराठीच समजून बदलतं आणि असं काही निर्माण करतं की कुठल्याही शब्दकोशाने हात टेकावेत.

माझ्या बोटांचं काय झालं तेही सांगते. मी टाइपरायटर शिकलेली, जुन्या सॉफ्टवेअरने मला तीच मांडणी दिलेली. आता इनस्क्रिप्ट वापरते. तो केंद्र सरकारने १९८६ मध्ये ठरवलेला कळफलक, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. लेक म्हणते, "आई, रोमनमध्ये टाइप कर, आपोआप मराठी होतं." होतं खरं. पण मराठी लिहिण्यासाठी आधी मनात रोमन अक्षरं जुळवणं मला जमत नाही, आणि मला ते जमवायचंही नाही. इनस्क्रिप्टमध्ये वेलांटी अक्षरानंतर येते याचा पहिले काही आठवडे फार राग आला. आता नाही येत.

हे सगळं माझ्या चार लेखांपुरतं असतं तर सदर खर्ची घातलं नसतं. पनवेलचाच विचार करा. साधारण १९९० ते २०१० या काळात इथे छापली गेलेली शाळांची वार्षिकं, वाचनालयांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, गृहनिर्माण सोसायट्यांची इतिवृत्तं, स्थानिक साप्ताहिकं, हे सारं कुठल्या ना कुठल्या डीटीपीच्या संगणकात अशाच भाड्याच्या खोल्यांत पडून आहे. जानेवारी १९८४ बद्दल नंतर लिहिल्या गेलेल्या आठवणी त्यात असतील. २६ जुलै २००५ च्या पावसात कुणाच्या घरात कुठवर पाणी आलं, ते असेल. २०१६ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, त्याच्या आधीचं गाव त्यात आहे. गुगलवर त्यातलं काही सापडणार नाही. आणि ते ज्या यंत्रांत आहे, त्यांतली पुष्कळ यंत्रं या वर्षा-दोन वर्षांत टीपीएम नाही म्हणून भंगारात निघतील.

म्हणून ज्यांचं डीटीपीचं दुकान आहे किंवा होतं, आणि ज्यांच्या घरी मराठी लिहिलेला जुना डेस्कटॉप आहे, त्या सगळ्यांना विनंती: भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तो एकदा चालू करा. प्रत्येक फाइलची तिच्या मूळ फॉन्टसकट पीडीएफ काढा, म्हणजे निदान वाचता तरी येईल. फॉन्टच्या फाइलीही कॉपी करून ठेवा, कारण फॉन्ट कोणता हे कळल्याशिवाय बदलणारं सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. मग सवडीने युनिकोड करा आणि "ऱ्य"वर नजर ठेवा. हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. उरलेला सांगाडा रस्त्यावरच्या हातगाडीवर टाकू नका. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं आणि तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या. हार्डवेअर लॉक आणि ते जिथे लागतं ते यंत्र मात्र इतक्यात देऊ नका. शेवटची फाइल बदलून होईपर्यंत दोन्ही लागतील.