भाडे कढत, पाणी गार!

महिन्याच्या पाच तारखेच्या आत भाडे खात्यावर जमा झालेच पाहिजे, अनामत रकमेत छदामही कमी चालणार नाही, भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी अनुमती घेतली पाहिजे, असे स्मृतिकारांच्या कठोरतेने बजावणाऱ्या पुण्यातील घरमालकांच्या मुखातून, गीझर बंद पडल्याची तक्रार कानी येताच, एकच शब्द बाहेर पडतो: ‘बघतो.’ आणि बघत कोणीच नाही.

दोष तरी केवढा? बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर खार चढलेला असतो, थर्मोस्टॅट निकामी झालेला असतो किंवा गच्चीवरील सोलरच्या नळ्या फुटलेल्या असतात. त्यावर उपदेश मिळतो की, आम्ही तर लहानपणी विहिरीच्या गार पाण्यानेच अंघोळ करीत होतो! मग ज्या सोलरच्या बळावर महापालिकेकडून मिळकतकरात 5 टक्के सवलत पदरात पाडून घेता, त्याचे कढत पाणी भाडेकरूच्या नळाला का येत नाही? सवलत मालकाची, कुडकुडणे भाडेकरूचे!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधील कलम 14 घर सुस्थितीत राखण्याचे दायित्व मालकावर टाकते. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही तो ढिम्म राहिला, तर दुरुस्ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतचा खर्च कापून घेण्याचा अधिकारही देते. परंतु तो भाडेकरूला. 11 महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणारे लक्षावधी लोक कायद्याच्या लेखी भाडेकरूच नव्हेत! त्यात केंद्राच्या 2021 च्या नमुना भाडेकरार कायद्याने गीझरची दुरुस्ती भाडेकरूच्याच यादीत घातली. वस्तू मालकाची, झीज वर्षानुवर्षांची, भुर्दंड मात्र कालपरवा राहायला आलेल्याचा. हा कोणता न्याय?

या अनास्थेचे पर्यवसान कशात होते, हेही ऐका. पौषाच्या पहाटे बाळंतिणीसाठी, दमेकरी म्हाताऱ्यासाठी, शाळेला निघालेल्या पोरासाठी बादलीत हीटरचा रॉड सोडला जातो. ओली फरशी, जुनाट वायरिंग आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशा न्हाणीघरात एखाद्या सकाळी विजेचा धक्का बसून कोणी दगावले, तर त्याला अपघात म्हणण्याचे धारिष्ट्य आम्हांस होणार नाही.

म्हणून राज्य सरकारने कलम 14 चे अधिकार लायसन्सवर राहणाऱ्यांनाही द्यावेत, आणि गीझर-सोलरची दुरुस्ती ठरावीक दिवसांत मालकानेच करावी, हे कलम प्रत्येक करारनाम्यात सक्तीचे करावे. तोवर मालकांनी आपली लाज तरी राखावी. पाणी तापवता येत नसेल, तर भाडे मागू नका!