विशेष शाळेतली मावशी आणि आपली चळवळ

बौद्धिक अक्षम आणि स्वमग्न मुलांच्या शाळेत दोन प्रकारच्या बाया काम करतात. एक वर्गात शिकवते, तिच्याकडे पदविका असते. दुसरीला सगळे मावशी म्हणतात. मुलानं चड्डीत केलं की हाक मावशीला जाते. जळगाव-धुळ्यात काम करताना आम्हाला भेटलेल्या मावश्या बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या निघाल्या: बौद्ध, मातंग, मेहतर, भिल्ल. खासगी थेरपी सेंटरांतही वेगळं चित्र दिसलं नाही. घाण उचलायचं काम जातीनं वाटून दिलेलं होतं, ते तसंच आहे. अंगावर आता एप्रन आला एवढंच.

पण त्या मुलाच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास त्याच मोरीत असतो, जिथे मावशी त्याला धुते. दहा वर्षांच्या पोराला तांबडा-हिरवा ओळखता आला नाही तरी कोणाचं फारसं अडत नाही. शी धुता आली नाही तर लग्नाला नेणं बंद, एसटीत बसवणं बंद, शेवटी शाळाही बंद. मुलगी असेल आणि पाळी सुरू झाली, तर घरचे दाराला कडीच लावतात. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे: या मुलांना रोजची कामं शिकवणं हे एक शास्त्र आहे, ते शिकवणारी माणसं आपल्या वस्त्यांतून तयार झाली पाहिजेत, आणि त्यांना शिक्षकाचा दर्जा व पगार मिळाला पाहिजे.

शास्त्र म्हणजे काय? 'अंघोळ कर' ही आपल्याला एक सूचना वाटते. त्या मुलासाठी ती पंधरा-वीस कामं असतात. बादलीत पाणी घेणं, कपडे काढणं, तांब्या बुडवणं, खांद्यावर ओतणं, साबण ओला करणं, तो कुठून कुठवर लावायचा, डोळे कधी मिटायचे, साबण गेला हे कसं ओळखायचं. याला टास्क अॅनालिसिस म्हणतात, म्हणजे कामाची फोड. ही फोड परदेशी पुस्तकातून उतरवून चालत नाही. तिथल्या तक्त्यात शॉवर असतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपातलं पाणी जपून वापरावं लागतं. तेव्हा 'एका बादलीत भागवणं' हीसुद्धा आपल्या फोडीतली एक पायरी आहे. अशी फोड करायची तर शिकवणाऱ्यानं आधी त्या घराच्या मोरीत उभं राहून ते काम स्वतः करून पाहावं लागतं.

नंतर पायऱ्या जोडायच्या. पॅन्ट शिकवताना बहुतेक आया पाय घालण्यापासून सुरुवात करतात आणि पोरगं तिथेच कंटाळतं. उलट्या साखळीत मोठ्या माणसानं सगळं करायचं, शेवटचं कमरेवर ओढणं तेवढं मुलाकडे ठेवायचं. ते जमलं की मांडीपासून, मग गुडघ्यापासून. दर वेळी काम मुलाच्याच हातानं संपतं, त्यामुळे त्याला हुरूप येतो.

सगळ्यात अवघड आहे मदत काढून घेणं. आधी हातावर हात, मग मनगटाला, मग कोपराला स्पर्श, मग नुसती खूण. 'साबण घे, साबण लाव' असं सारखं बोलत राहिलं तर मूल आवाजाची वाट पाहायला शिकतं, आणि ही सवय मोडता मोडत नाही. कोणती पायरी स्वतः केली, कुठे हात धरावा लागला, हे रोज वहीत टिपायचं. खानदेशात ही वही फारच गरजेची आहे. साक्री-शिरपूरकडची भिल्ल कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मूलही सोबत जातं. वही आईला समजत असेल तरच कारखान्याच्या तळावर पुढची पायरी चालू राहते.

अमेरिकेत हे काम करणाऱ्याला बिहेविअर टेक्निशियन म्हणतात. तिथे नोंदणीसाठी शालेय शिक्षण पूर्ण असणं, 40 तासांचं प्रशिक्षण, प्रत्यक्ष काम करून दाखवणं, परीक्षा आणि पुढे सतत देखरेख लागते. बारावी झालेल्या आपल्या पोरीला न जमणारं यात काही नाही. मात्र प्रशिक्षणही पायरीपायरीनंच व्हावं: सांगायचं, करून दाखवायचं, करून घ्यायचं, चुकलं तिथे लगेच दुरुस्त करायचं. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे दीपप्रज्वलन, प्रोजेक्टर, पोहे आणि प्रमाणपत्र. तीन तास भाषण ऐकून कोणाला मुलाचं मनगट कधी सोडायचं हे कळत नाही.

"आपल्या लेकराला माया पुरते," असं आपलेच कार्यकर्ते म्हणतात. त्यांना आम्ही चाळीसगावची आठवण देतो. 1929 मध्ये तिथल्या टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना बसवून टांगा हाकायला नकार दिला. आपल्या लोकांनी टांगा भाड्यानं मिळवला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसवला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले, पायाचं हाड मोडलं. गुन्हा जातीचा होता, यात वाद नाही. पण माया आणि मान जिथे भरपूर होता तिथे कौशल्य नव्हतं, हेही बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, तो तरुणांकडून येतो. "पुन्हा आपल्याच माणसांनी शी-शू काढायची का?" नाही. धुणारीचं काम कधीच संपत नाही. मूल वीस वर्षांचं झालं तरी हाक तिलाच. शिकवणारीचं काम संपतं, कारण मूल स्वतः धुवायला लागतं. मावशीला आज धुण्याचे पैसे मिळतात, शिकवण्याचे मिळत नाहीत. आणि ही पदं सगळ्या जातींसाठी खुली असावीत. देशपांडे-पाटलांच्या मुलांनीही मोरीत उभं राहावं, आमची काही हरकत नाही.

या पद्धतीवर स्वमग्न प्रौढांनी जगभर टीका केली आहे, तीही ऐकली पाहिजे. मुलाला बळजबरीनं डोळ्यात बघायला लावणं, हात हलवू न देणं, खाऊच्या लालचेनं तासन्‌तास बसवणं, ही गुलामीची तालीम आहे. मुलाला 'नको' म्हणता येणं हीसुद्धा शिकवायची गोष्ट आहे. अंघोळीच्या वेळी दार लावून घेणंही.

('दिव्यांग' हा शब्द आम्ही जाणून टाळतो. ज्यांनी 'हरिजन' नाकारलं त्यांना कारण सांगायला नको.)

कायदा आपल्या बाजूनं आहे. 2011 च्या जनगणनेत देशात अपंगांचं प्रमाण 2.21 टक्के होतं, अनुसूचित जातींमध्ये 2.45. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातलं कलम 47 कुटुंबांना, समाजाला आणि काळजी घेणाऱ्यांना स्वतंत्र जगण्याच्या प्रशिक्षणाबद्दल बोलतं. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर दर दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. त्याच वर्षी भारतीय पुनर्वास परिषदेनं वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते घडवण्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. ग्रामपंचायती-पालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. आमच्या पाहण्यात ते मार्चमध्ये थोडी रोकड, थोड्या वस्तू वाटून उडवले जातात.

हा निधी मोरीच्या भिंतीला आधाराचा दांडा बसवायला आणि शिकवणारीच्या मानधनाला का नाही? बार्टी स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालवते, समतादूत नेमते. मग या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी आपल्या मुलींना विद्यावेतन का नाही? बुद्धविहारं आठवडाभर रिकामी असतात. तिथे एक मोरी, एक न्हाणीचा कोपरा करून सरावाची जागा होऊ शकते. विहार कमिट्यांना हे पटवणं जड जातं हे आम्हाला माहीत आहे. काहींना विहारात संडास शिकवणं अपवित्र वाटतं. बौद्ध होऊनही सोवळं सुटत नाही.

दरवर्षी 31 जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. यंदा येताना प्रत्येक वस्तीनं एक कागद आणावा. मुलाचं नाव नको, जात नको. वय लिहा, आणि कोणत्या कामात, नेमक्या कोणत्या पायरीवर ते अडतं, तेवढं लिहा.