निवृत्तीचे गाव कसे निवडावे

निवृत्तीनंतरचे गाव साधारणपणे साठीत निवडले जाते. त्याचा कस मात्र ऐंशीच्या घरात लागतो. तोवर गाडी चालवणे सुटलेले असते आणि पुष्कळदा दोघांपैकी एकच जण मागे राहिलेला असतो. म्हणून गावाची निवड त्या एकट्या माणसाच्या सोयीने व्हायला हवी.

पहिला निकष रुग्णालयाचा. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. तेव्हा ही सोय आणि अतिदक्षता विभाग तासाभराच्या अंतरावर असलाच पाहिजे. या बाबतीत मिरजेचा हात धरणारी गावे थोडी. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून कर्नाटकातलेही रुग्ण मिरजेला येत आले आहेत. मराठवाड्यात अंबाजोगाई हे तालुक्याचे गाव असूनही तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उलट मोती तलावाची सावंतवाडी पाहताक्षणी आवडते, पण तिथल्या अत्यवस्थ रुग्णाला अनेकदा गोव्यात बांबोळीला हलवावे लागते.

दुसरा निकष हवामानाचा. महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाट उतरून वाईत आले की तो कितीतरी कमी होतो. कोकणातले घर मे महिन्यात पाहून पसंत केले, तरी जुलैतली ओल आणि खंडित होणारी वीज अनुभवल्याशिवाय व्यवहार करू नये.

तिसरा निकष रोजच्या चालण्याचा. मंडई, औषधाचे दुकान, बँक आणि एसटी स्थानक पायी गाठता यावे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पण स्थानकच चार किलोमीटरवर असेल तर त्या सवलतीचा उपयोग उरत नाही. गावाबाहेरचा बंगला इथेच मार खातो. शिवाय शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात सहसा शेतजमीन विकत घेता येत नाही. भूखंड बिनशेती झाल्याची खात्री कागदपत्रांवरून करावी.

चौथा निकष सोबतीचा, आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे. वाईची विद्वत्तेची परंपरा मराठी विश्वकोशाने पुढे नेली. वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ यांत नवख्यालाही जागा मिळते. मात्र ओळखी हातपाय धड असतानाच जोडाव्या लागतात. सत्तरीनंतर स्थलांतर केले तर त्या जुळायला वेळ कमी पडतो.

हे चारही निकष एखाद-दुसऱ्या भेटीत तपासता येत नाहीत. त्यासाठी निवडलेल्या गावात वर्षभर भाड्याने राहून तिन्ही ऋतू पाहावेत आणि तोवर शहरातले घर विकू नये.