गेलेल्या ताऱ्याची ओळख

नांदेड-लातूरकडे उन्हाळ्यात रात्री गच्चीवर अंथरुणे पडली, की उत्तरेस सप्तर्षी सहज दृष्टीस पडतात. त्यांतील वसिष्ठ व मरीची यांच्याजवळच, नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या एका दीर्घिकेत, १९ मे २०२३ रोजी जपानच्या इतागाकी यांस एक तारा फुटलेला दिसला. अंतर सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षे!

फुटला तो तारा कोणता? खगोलवेत्त्यांनी हबल दुर्बिणीची जुनी चित्रे काढून, भोवतालचे तारे जुळवून, ती नव्या चित्राशी ताडून पाहिली. नेमक्या जागी धुळीने वेढलेला एक तांबडा महातारा आढळला. तथापि तेज ओसरल्यावर तो तेथे नाही असे दिसेल, तेव्हाच ही ओळख पक्की व्हावयाची.

ही खटपट व्यर्थ नव्हे. १९८७ साली फुटलेला तारा जुन्या छायाचित्रांत निळा निघाला, आणि असे तारे तांबड्या अवस्थेतच फुटतात हा विद्वानांचा समज ढासळला. ती छायाचित्रे घेणाऱ्यांस याची कल्पनाही नव्हती. म्हणून आम्ही म्हणतो, जुने चित्र टाकू नये. उद्या कोणाची ओळख त्यातूनच पटावयाची असते.