मक्याच्या शेतात हरवलेला हॅम्स्टर

पिंजऱ्यातील चाकावर धावणारा हॅम्स्टर शहरी मुलांच्या परिचयाचा असला, तरी त्याचा युरोपातील रानटी भाऊबंद नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. एकेकाळी पिकांचा शत्रू म्हणून ज्याची सर्रास कत्तल झाली, त्या युरोपीय हॅम्स्टरची नोंद 'आययूसीएन'ने २०२० मध्ये अतिसंकटग्रस्त प्रजातींत केली. व्हिएन्नात तर त्याने चक्क शहरातील दफनभूमीत आसरा घेतला आहे.

फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील खोल, भुसभुशीत मातीची शेते हे त्याचे जुने वसतिस्थान. दोन मीटरपर्यंत खोल बिळात तो हिवाळा झोपेत काढतो. वसंतात बाहेर येताच त्याला गव्हाचा किंवा लसूणघासाचा हिरवा आडोसा लागतो. मक्याने तो हिरावून घेतला, कारण त्या दिवसांत मक्याची शेते उघडीबोडकी असतात. शिवाय मुख्यतः मक्यावर पोसलेल्या माद्या आपलीच पिल्ले खातात, असे स्ट्रासबुर्गच्या संशोधकांना प्रयोगशाळेत आढळले. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कारण 'ब-३' जीवनसत्त्वाचा अभाव. मक्यावरच गुजराण करणाऱ्या माणसांनाही याच अभावातून पेलाग्रा जडत असे.

अल्सासच्या प्रमुख क्षेत्रांतील बिळांची संख्या २००१ मधील ११६७ वरून २००७ मध्ये १६१ वर आली. युरोपीय आयोगाने फ्रान्सला न्यायालयात खेचले आणि जून २०११ मध्ये निकाल फ्रान्सविरुद्ध लागला. न्यायालय सरकारला जाब विचारू शकते. शेतात काय पेरायचे, हे मात्र बाजारभाव ठरवतो. गहू, लसूणघास राखणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला देण्याचा मार्ग सरकारने अवलंबिला खरा. मात्र त्याच टापूतून स्ट्रासबुर्गला वळसा घालणारा महामार्गही डिसेंबर २०२१ मध्ये खुला झाला.