विश्लेषण : ब्लॉकचा वेळ घटवला की क्रिप्टोचे जाळे सुधारते का?

२२ जुलै २०२१ रोजी महाडची बाजारपेठ पुराच्या पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. अशा आपत्तीत घरसामानाबरोबर दाखले, गुणपत्रिका, जमिनीचे कागदही जातात. मग नवी प्रत मिळवा आणि ती खरी असल्याचे पटवून द्या, अशी दुहेरी धावपळ सुरू होते. यावर उपाय म्हणून ‘ब्लॉकचेन’चे नाव घेतले जाते. २०२२ मध्ये गडचिरोलीतील एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे ‘पॉलिगॉन’ या जाळ्यावर नोंदवण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. भारतीय तरुणांनी २०१७ मध्ये ‘मॅटिक’ नावाने सुरू केलेले हे जाळे साधारण दोन सेकंदांना एक ब्लॉक तयार करते. बिटकॉइनला त्यासाठी सरासरी दहा मिनिटे लागतात. मग जितका कमी वेळ, तितके जाळे चांगले?

ब्लॉकचा वेळ म्हणजे काय?

ब्लॉक म्हणजे सामाईक नोंदवहीचे एक पान. नवे पान जोडले जाण्यास लागणारा सरासरी वेळ म्हणजे ब्लॉकचा वेळ. लाइटकॉइनमध्ये तो अडीच मिनिटे, तर इथेरियममध्ये १२ सेकंद आहे. बिटकॉइनमध्ये ब्लॉक जोडण्यासाठी संगणकांना गणिती कोडे सोडवावे लागते. दर २,०१६ ब्लॉकनंतर या कोड्याची काठिण्यपातळी बदलते. त्यामुळे संगणक कितीही वाढले तरी वेळ दहा मिनिटांच्या आसपास राहतो.

वेळ घटवल्याने फायदा काय?

व्यवहाराची पहिली नोंद लवकर होते. महाड-पोलादपूर मार्गावर तासाला एका एसटीऐवजी दर दहा मिनिटांनी छोटी जीप सोडली, तर थांब्यावरची ताटकळ कमी होईल. पण जीपमध्ये एसटीच्या एक षष्ठांशच माणसे बसत असतील, तर तासाभरात जाणारे प्रवासी तेवढेच राहतील. म्हणजे क्षमता ब्लॉकचा वेळ आणि आकार या दोहोंवर ठरते. आकार तोच ठेवून वेळ घटवला तर क्षमता वाढते, मात्र प्रत्येक संगणकावर माहितीचा भारही वाढतो.

मग धोका कुठे?

ब्लॉक जगभर पोहोचायला वेळ लागतो. २०१३ मध्ये झुरिकच्या अभ्यासकांनी बिटकॉइनचे मोजमाप केले, तेव्हा ब्लॉक एखाद्या संगणकापर्यंत पोहोचायला सरासरी १२.६ सेकंद लागत होते. दहा मिनिटांच्या तुलनेत हा उशीर सुमारे दोन टक्के आहे. ब्लॉकचा वेळ एक मिनिट असता, तर तो २१ टक्के झाला असता. पुढे हा प्रसार बराच वेगवान झाला, पण तत्त्व बदललेले नाही. या मधल्या काळात दुसरीकडे वेगळाच ब्लॉक तयार झाला, तर साखळीला दोन फाटे फुटतात. त्यातला एक बाद होतो आणि त्यावरची मेहनत वाया जाते. वेगवान जोडणी असलेल्या मोठ्या गटांना याचा फटका कमी बसतो आणि सत्ता त्यांच्याच हाती एकवटत जाते.

पॉलिगॉनचा अनुभव काय?

पॉलिगॉनमध्ये एकाच पडताळणीकर्त्याने सलग ६४ ब्लॉक तयार करण्याची पद्धत होती. फाटे कमी व्हावेत म्हणून जानेवारी २०२३ मध्ये ही संख्या १६ वर आणण्यात आली. तरीही पुढच्याच महिन्यात सलग १५७ ब्लॉक बाद होऊन त्यांची फेरमांडणी झाली. म्हणजे सुमारे पाच मिनिटांच्या नोंदी हलल्या. ‘दोन सेकंदांत नोंद झाली’ आणि ‘नोंद पक्की झाली’ यांतला फरक इथे दिसतो. जुलै २०२५ मधील सुधारणेचा भर म्हणूनच नोंद काही सेकंदांत पक्की करण्यावर होता.

दुर्गम भागाशी याचा काय संबंध?

नोंदवहीची संपूर्ण प्रत कोणालाही स्वतः ठेवता आणि तपासता यावी, हा ब्लॉकचेनचा मूळ दावा आहे. बिटकॉइनची प्रत साध्या संगणकावर, बेताच्या इंटरनेटवरही सांभाळता येते. सोलानासारख्या साधारण ०.४ सेकंदांच्या जाळ्याला मात्र शक्तिशाली सर्व्हर आणि अखंड, वेगवान जोडणी लागते. पोलादपूरच्या डोंगरकुशीतील एखाद्या वाडीत पावसाळ्यात वीज आणि रेंज गेली, की अशा जाळ्याशी बरोबरी करणे अशक्य होते. मग तिथल्या माणसाला दुसऱ्याच्या सर्व्हरवर विश्वास ठेवावा लागतो. तसाच विश्वास ठेवायचा असेल, तर मध्यवर्ती यंत्रणेवर चालणारे यूपीआय त्याच्या फोनमध्ये आधीपासून आहेच.

मग वेळ घटवूच नये का?

तसे नाही. ‘बीएनबी चेन’ने २०२५ मध्ये हा वेळ तीन सेकंदांवरून टप्प्याटप्प्याने पाऊण सेकंदावर आणला. इथेरियममध्येही तो १२ वरून सहा सेकंदांवर आणण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. प्रसाराचा वेग आधी सुधारला तर वेळ घटवण्यास वाव असतो. दुकानातल्या खरेदीसाठी काही सेकंदांनी नक्कीच फरक पडतो.

दाखल्याला मात्र ही घाई लागत नाही. त्याची नोंद दोन सेकंदांत झाली काय किंवा दहा मिनिटांत, ती वीस वर्षांनी पडताळता आली पाहिजे. शिवाय साखळीवर सहसा संपूर्ण कागद नसतो, तर त्याची गणिती खूण असते. या खुणेवरून प्रत खरी की खोटी हे कळते, पण हरवलेला कागद त्यातून परत मिळत नाही. त्यासाठी मूळ फाइल सुरक्षित ठेवावी लागते आणि पहिली नोंदही बिनचूक करावी लागते. ब्लॉकचा वेळ कितीही घटवला, तरी ही दोन्ही कामे माणसांनाच करावी लागतील.